आधी काम ठरवा, मग हत्यार

गेल्या रविवारची गोष्ट. दुपारचे जेवण आटोपून मी जरा आडवा झालो होतो, तोच फाटक वाजले आणि पुतण्या आत आला. महामार्गावर, शिरपूरच्या दिशेला त्याचा पेट्रोल पंप आहे. एरवी देवपुरात आमच्याकडे यायचे म्हणजे सणवार लागतो किंवा कुणाचे तरी लग्न. त्यामुळे हा आज अवेळी कसा, असा प्रश्न मला पडला. पाणी प्याला, चहा प्याला, काकूची विचारपूस केली आणि मग खिशातून घडी घातलेले दोन कागद काढून त्याने माझ्यापुढे ठेवले. एक होता शस्त्रपरवान्याच्या अर्जाचा नमुना आणि दुसऱ्यावर तीन-चार रिव्हॉल्व्हरांची चित्रे होती.

‘‘नाना, परवान्याचं मी बघतो. तुम्ही फक्त कोनती लेऊ तेवढं सांगा.’’

त्याचे झाले असे की, महिन्यापूर्वी त्याचा व्यवस्थापक रोकड घेऊन बँकेत निघाला असताना मोटारसायकलवरच्या दोघांनी त्याच्या डोळ्यांत मिरचीपूड टाकली आणि पिशवी हिसकावली. माणूस वाचला, डोळेही वाचले, पैसे गेले. तेव्हापासून पुतण्याला झोप नाही. आणि घरातल्या सगळ्यांना हे ठाऊक की नानांना बंदुकांतले कळते.

कळते म्हणजे काय? कॉलेजात असताना एन.सी.सी.त .२२ रायफलने पंचवीस यार्डांवर नेम धरला, तेवढीच माझी मर्दुमकी. पुढे एका राष्ट्रीयीकृत बँकेत तीस-बत्तीस वर्षे रोकड विभागात काढली. तिथे दारावर बसणाऱ्या निवृत्त हवालदारसाहेबांशी रोज गप्पा व्हायच्या. माझे खरे शिक्षण तेच. आणि आमच्या वडिलांकडे, म्हणजे आप्पांकडे, एक रिव्हॉल्व्हर होते. त्याची हकिकत पुढे येईलच.

पुतण्याला मी लगेच उत्तर दिले नाही. मी त्याला उलट विचारले, ‘‘तुला ते नेमके कशासाठी हवे?’’ तो म्हणाला, ‘‘संरक्षणासाठी.’’ मी म्हटले, ‘‘हे उत्तर झाले नाही. सुताराच्या दुकानात जाऊन ‘लाकूडकामासाठी काहीतरी द्या’ म्हटलेस, तर तो करवत देईल की पटाशी? कुणाचे संरक्षण, कुठे, कोणापासून आणि त्या वेळी ते हत्यार कोणाच्या हातात असेल, हे सांग.’’ तो गप्प झाला. हा लेख त्या गप्प बसण्यातूनच निघाला आहे. कारण त्याच्यासारखे विचारणारे आज आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत, आणि त्यांना मॉडेलची नावे सांगणारेही पुष्कळ भेटतात. हा साधा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

आपल्या समाजात हत्याराला उपयोगापेक्षा इभ्रतीचे वजन फार. याला कारणही आहे. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या राजवटीत शस्त्रकायदा आला आणि हिंदी माणसाला परवान्यावाचून बंदूक बाळगणे गुन्हा ठरले. राष्ट्रीय सभेने अगदी सुरुवातीच्या अधिवेशनांतच त्या कायद्याविरुद्ध ठराव केले. साहजिकच परवाना ज्याच्या घरी तो सरकारदरबारी वजन असलेला माणूस, अशी समजूत रुजली. इंग्रज गेले, १९५९चा नवा शस्त्रकायदा आला, पण समजूत जागची हलली नाही. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणारे पाहुणे त्याच समजुतीचे वारस. २०१९च्या दुरुस्तीने अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. त्याच दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवायची मुभा दिली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. थोडक्यात, कमी हत्यारे ठेवा, असे कायदा सांगतो आहे आणि मिरवण्याच्या हौसेला शिक्षा आहे.

खानदेशाला तर हत्यारांचा इतिहास नवा नाही. सातपुड्यातल्या भिल्लाचा तीर-कामठा हे मला नेहमीच उपयोगाला साजेशा हत्याराचे उत्तम उदाहरण वाटत आले आहे. झाडीत वावरायला हलका, आवाज नाही, दारूगोळ्यासाठी कुणाच्या दारी जायला नको, मोडला तर जंगलातच दुरुस्त होतो. आउट्रमने १८२५ साली भिल्लांची पलटण उभी केली, तीदेखील त्यांचा डोंगराचा सराव ओळखूनच. आणि १८५७त खाज्या नाईकाने इंग्रजांच्या नाकी नऊ आणले ते हत्यारापेक्षा सेंधव्याच्या घाटाची खडान्‌खडा माहिती असल्यामुळे. पुढे १४ एप्रिल १९४४ रोजी चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला. साडेपाच लाखांची रक्कम होती. खजिन्याबरोबर पोलीस होते. पण वेळ आणि जागा ज्याने निवडली, त्याचीच सरशी झाली. लुटणारा कोण, कशासाठी लुटतो, हा भाग इथे अलाहिदा. ते देशासाठी लढत होते आणि आपण त्यांना मानतो. रक्षण करणाऱ्याला मात्र त्यातून एक धडा घेता येतो. पहिली चाल समोरच्याची असते. हत्यार कंबरेला असले तरी ते हातात यायला वेळ लागतो.

हा वेळ किती, याचा हिशेब अमेरिकेतल्या एका पोलीस प्रशिक्षकाने १९८३ साली मांडला. सुरा घेतलेला धडधाकट माणूस एकवीस फुटांचे अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो, आणि सराव असलेल्या पोलिसालाही पट्ट्यातले पिस्तूल काढून गोळी झाडायला साधारण तेवढाच वेळ लागतो. एकवीस फूट म्हणजे आपल्या दिवाणखान्याची लांबी. आता पुतण्याचा व्यवस्थापक घ्या. मिरचीपूड टाकणारा एकवीस फुटांवर नव्हता, हातभर अंतरावर होता. त्या माणसाच्या कंबरेला जगातले सर्वांत उत्तम रिव्हॉल्व्हर असते, तर काय झाले असते? डोळे मिटलेल्या माणसाच्या कंबरेचे रिव्हॉल्व्हर पिशवीबरोबर गेले असते. आज चोरांकडे फक्त मिरचीपूड आहे, उद्या त्यांच्याकडे परवान्याचे हत्यार असते.

बँकेतले हवालदारसाहेब म्हणायचे, ‘‘साहेब, माझ्या दुनळीचे काम दिसण्याचे आहे. ती चालवायची वेळ आली, म्हणजे तिचे अर्धे काम फसले.’’ बारा बोअरची बंदूक दारावर उभी दिसते, तिची नळी लांबून ओळखू येते, म्हणून चोर दुसरी बँक शोधतो. शर्टाखाली दडवलेल्या रिव्हॉल्व्हराचा असा धाक नाही, कारण ते कुणाला दिसतच नाही. आणि दिसेल असे मिरवावे तर ते हिसकावण्याचाच मोह होतो. म्हणजे, जागेची राखण करायची असेल तर कंबरेचे हत्यार हे मुळातच चुकीचे अवजार आहे. ते निघाले अशा माणसांसाठी, ज्यांचे दोन्ही हात दुसऱ्या कामात गुंतलेले असतात आणि तरीही अंगावर शेवटचा उपाय हवा असतो. घोडेस्वार, तोफखान्यातला गोलंदाज, सैन्यातला अधिकारी, गस्तीवरचा फौजदार, हे त्याचे खरे धनी.

बरे, त्यांच्यासाठीसुद्धा कोणते हत्यार चांगले, यावर एकमत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन सैन्याला फिलिपिन्समध्ये असा अनुभव आला की .३८च्या गोळीने अंगावर धावून येणारा माणूस थांबत नाही. म्हणून त्यांनी मोठी गोळी मागितली आणि १९११ साली .४५चे पिस्तूल स्वीकारले. इंग्रजांनी नेमके उलट केले. त्यांच्याकडे .४५५चे दांडगे वेब्ली होते. पहिल्या महायुद्धानंतर त्यांच्या लक्षात आले की, थोड्या दिवसांत तयार केलेल्या रंगरूटाला ते आवरत नाही, नेम चुकतो. म्हणून ते .३८वर उतरले आणि १९३२ साली त्यांनी हलके एनफिल्ड घेतले. एकाने मोठे केले, दुसऱ्याने लहान केले आणि दोघेही आपापल्या जागी शहाणे होते, कारण दोघांनी आपले काम आणि आपली माणसे पाहून ठरवले. यातून घरच्या माणसाने घ्यायचे ते एवढेच की, न लागलेल्या मोठ्या गोळीपेक्षा लागलेली लहान गोळी बरी, आणि ज्याला सराव करायचा नाही त्याला दोन्हींचा उपयोग नाही.

आपल्याकडे तर निवड आणखी सोपी, कारण ती बरीचशी सरकारनेच करून ठेवली आहे. .३८, .४५५, ९ मि.मी. ही मापे प्रतिबंधित वर्गात मोडतात. सामान्य नागरिकाला ती मिळत नाहीत. जिल्हाधिकारी कचेरीतून मिळणारा परवाना असतो तो .३२, .२२ किंवा बारा बोअर यांसारख्या मापांचा. परदेशी हत्यारांची खासगी आयात ऐंशीच्या दशकातच बंद झाली, म्हणून जुन्या विलायती रिव्हॉल्व्हराला लोक अजून सोन्याचा भाव देतात. बाकी मिळते ते बरेचसे कानपूरच्या सरकारी कारखान्यांतले. त्यांचे .३२चे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर जुन्या वेब्लीच्याच वळणाचे, मधोमध मोडून उघडणारे, साधारण सातशे ग्रॅमचे. २०१४ साली ‘निर्भीक’ आले. टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, पाचशे ग्रॅमचे, किंमत सव्वा लाखाच्या घरात. दिल्लीच्या २०१२च्या घटनेनंतर खास महिलांसाठी म्हणून त्याचा गाजावाजा झाला. २०२३ साली ‘प्रबळ’ आले, त्याचे चक्र बाजूला उघडते, त्यामुळे काडतुसे भरणे सोपे.

‘निर्भीक’बद्दल मला तेव्हाही वाटले होते आणि आजही वाटते, की यात कामाचा विचार झाला नाही. हत्यार हलके केले की पर्समध्ये मावते हे खरे, पण वजन जेवढे कमी तेवढा झटका हाताला जास्त. ज्या मुलीला रात्री कॉलेजातून वा कंपनीतून घरी जायचे आहे, तिच्याजवळ सव्वा लाख कुठले? असलेच, तर एकवीस वर्षे वय, पोलिसांची चौकशी, परवाना हे सारे होऊन पर्समध्ये तळाशी, कंगवा आणि किल्ल्यांखाली ते पडणार. आणि आपल्याकडच्या बाईला त्रास होतो तो बहुतेकदा ओळखीच्याकडून, घरात, बसच्या गर्दीत. तिथे रिव्हॉल्व्हर काय करणार? तिला हवी आहे वेळेवर येणारी बस, दिवे असलेला रस्ता आणि तक्रार लिहून घेणारा ठाणे अंमलदार. अनेक महिला संघटनांनी तेव्हा हेच सांगितले होते.

आता शेतात राहणाऱ्यांचे म्हणणे ऐकू. मळ्यात एकटे घर, रात्री बिबट्याची भीती. २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात बिबट्याने माणसे मारली तेव्हा तिकडच्या गावांनी किती रात्री जागून काढल्या, ते आपण वाचले आहे. शेवटी डिसेंबरात वनखात्याला जाणत्या नेमबाजाकडून तो मारवावा लागला. त्या भीतीने कुणी रिव्हॉल्व्हर मागितले, तर मी त्याला हात जोडेन. अंधारात हलणाऱ्या जनावरावर तीन इंची नळीतून नेम लागत नाही. जखमी झालेला बिबट्या मात्र अधिक घातक. शिवाय १९७२चा वन्यजीव कायदा आहेच. मळ्याला हवा चांगला विजेचा दिवा, गुराला पक्का गोठा, लहान मुलांना संध्याकाळनंतर घरात, आणि गावात वनखात्याशी बोलणारा एक खमक्या माणूस.

राहता राहिला सराफ, अडत्या, पंपमालक. ज्याच्या हातात रोज परक्याला दिसणारा पैसा आहे, त्याची भीती खोटी नाही. माझ्या पुतण्याची तर मुळीच नाही. अशा माणसाने सगळे उपाय करून पाहिले, रोकड कमी केली, वेळा बदलल्या, दोन माणसे पाठवली आणि तरीही त्याला राहत्या जागी जिवाचा धोका उरला, तर त्याने परवाना मागू नये असे मी म्हणणार नाही. कायद्याने स्वसंरक्षणाचा हक्क दिलेला आहे. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत तो ३४ ते ४४ या कलमांत आहे. जबरी चोरी, रात्रीची घरफोडी अशा प्रसंगी तो हक्क मोठा आहे. पण त्याच कायद्यात अट आहे की संरक्षणाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. पिशवी घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली, तर तो पैसा वाचवणे ठरेल की खून, याचा निवाडा पुढची कित्येक वर्षे कोर्टात होत राहील आणि तोवर दुकानाला कुलूप असेल.

अशा माणसाने निवड करताना माझे मत विचारले, तर मी रिव्हॉल्व्हर सांगेन, पिस्तूल नव्हे. कारण ते साधे. उघडले की सहाही घरे डोळ्यांना दिसतात. भरलेले आहे की रिकामे, यात शंका राहत नाही. एखादे काडतूस फुसके निघाले, तर पुन्हा चाप ओढला की पुढचे येते. पिस्तुलाचे तसे नाही. खालचे मॅगझिन काढून ठेवले की माणसाला वाटते, झाले रिकामे. पण एक काडतूस वर नळीत बसलेले असू शकते. ‘रिकामे’ समजलेल्या हत्याराने झालेले कितीतरी अपघात याच एका काडतुसाचे. हातात घेऊन पाहावे. पूर्ण पंजा मुठीवर बसतो का, चाप ओढताना नळी हलते का, हे पाहावे. फार हलके घेऊ नये. चकाकी आणि नक्षी पाहू नये. आणि पंखे, फ्रीज घेताना विचारतो तसे विचारावे, दुरुस्ती कुठे होते, काडतुसे कुठे मिळतात. आपल्या वरणगावला काडतुसांचा कारखाना आहे म्हणून काही ती वरणगावच्या बाजारात मिळत नाहीत. परवान्यावर लिहिली तेवढीच, परवानाधारक विक्रेत्याकडून, हिशेबाने घ्यावी लागतात.

ज्यांना हा कागदांचा व्याप नको असतो, ते दुसरी वाट धरतात. चोपडा तालुक्याची हद्द ओलांडली की मध्य प्रदेशातले उमर्टी लागते. तिथल्या गावठी पिस्तुलांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचतो. स्वस्तात मिळते म्हणून ते कंबरेला लावणाऱ्या पोरांना कुणीतरी सांगायला हवे की, ते फुटते तेव्हा पुढे फुटेल की मागे, हे बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही. आणि नाही फुटले, तरी तुरुंग ठरलेला.

हत्यार चांगले निवडूनही काम भागत नाही. २०१६च्या नियमांनी सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मागितले, ते योग्यच केले. पण एकदा प्रमाणपत्र घेतले आणि मग पाच वर्षे कपाटात ठेवले, याला सराव म्हणत नाहीत. न्यूयॉर्कच्या पोलिसांच्या नोंदी सांगतात की, पगार घेऊन सराव करणाऱ्या पोलिसांच्याही गोळ्या प्रत्यक्ष चकमकीत निम्म्याहून जास्त चुकतात. मग दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या आपल्या शेठजींच्या कुठे जातील? चुकलेली गोळी हवेत विरघळत नाही. ती कुणाच्या तरी दारात, खिडकीत, अंगात जाऊन थांबते. पंपावर झाडलेली गोळी कशात जाईल, हे तर मी पुतण्याला सांगितलेही नाही. त्याने स्वतःच डोळे मोठे केले.

आता आप्पांची गोष्ट.

आप्पा कापसाचे अडते. दोंडाईचा, शिंदखेडा, शिरपूर असे बाजार करायचे. हंगामात रोख पैसा बरोबर असायचा, म्हणून त्यांनी परवाना काढला आणि मुंबईहून .३२चे वेब्ली अँड स्कॉट आणले. वीसेक वर्षे ते त्यांच्याजवळ होते. बाजारात त्यांनी ते एकदाही बाहेर काढले नाही. दसऱ्याला पाटावर ठेवून पूजा व्हायची, आम्ही मुले लांबून पाहायचो, तेवढेच.

१९७८चा मे महिना. मी नाशिक जिल्ह्यात नोकरीला होतो. अचानक दोन दिवस सुटी मिळाली म्हणून न कळवता शेवटच्या बसने निघालो. धुळ्याच्या स्थानकावर उतरलो तेव्हा रात्रीचा दीड वाजला असेल. पांझरेचा पूल पायी ओलांडून देवपुरात आलो. त्या आठवड्यात आमच्या भागात दोन घरे फुटली होती, हे मला ठाऊक नव्हते. फाटकाला आतून कुलूप. कडी वाजवून सगळी आळी कशाला जागी करायची, असा शहाणा विचार मी केला आणि मागच्या भिंतीवरून अंगणात उडी टाकली.

पाय मुरगळला. कळ अशी आली की तोंडातून शब्द फुटेना. खानदेशातला उन्हाळा, आप्पा अंगणातच खाटेवर झोपलेले. त्यांनी विचारले, ‘‘कोण आहे?’’ मी उत्तर देण्यासाठी श्वास घेतो आहे तोवर अंधारात एक बारीक आवाज झाला. खटक. तो आवाज मी दसऱ्याला ऐकलेला होता. घोडा मागे ओढल्याचा.

मला खोकला आला. आयुष्यात त्या खोकल्याचे जेवढे उपकार झाले, तेवढे कुणाचे झाले नसतील. ओसरीवरून आई ओरडली, ‘‘थांबा हो! आपला पोऱ्या शे!’’

आप्पांना तो घोडा परत खाली आणता येईना, एवढे हात थरथरत होते. ते रिव्हॉल्व्हर जमिनीकडे धरून कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. आईने कंदील आणला तेव्हा मी त्यांचा चेहरा पाहिला. तो मला आजही दिसतो. दुसऱ्या दिवशी ते जेवले नाहीत, माझ्याशी बोललेही नाहीत. त्याच आठवड्यात ते हत्यार घेऊन नाशिकच्या विक्रेत्याकडे गेले, येईल त्या भावाला विकले आणि परवाना कचेरीत परत केला.

गंमत अशी की, मिळालेल्या धड्याचा दुसरा अर्धा भाग त्यानंतर आला. हत्यार गेल्यावर आप्पांना रोकड बरोबर नेण्याची भीती वाटू लागली. म्हणून त्यांनी व्यवहार बँकेच्या ड्राफ्टवर आणला, बाजाराच्या गावी खाते उघडले, उधारीच्या वसुलीला एकटे जाणे बंद केले. पुढे तेरा वर्षे त्यांनी धंदा केला आणि एकदाही लुटले गेले नाहीत. रिव्हॉल्व्हर होते तोवर हे सारे करायची त्यांना गरजच वाटली नव्हती. कंबरेला हत्यार आहे या भरवशावर ते वीस वर्षे नको तेवढा पैसा घेऊन नको त्या वेळी नको त्या रस्त्याने फिरत होते. हत्याराचा हा तोटा कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेला नसतो.

म्हणून घरात हत्यार आणण्यापूर्वी बाहेरच्या चोराबरोबर घरातल्या माणसांचीही मोजदाद करावी. घरात लहान मूल आहे का, रागीट तरुण आहे का, कुणी दारू पिते का, कर्जाने वा आजाराने खचलेले कुणी आहे का. यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर कितीही चांगले रिव्हॉल्व्हर त्या घराला साजेसे नाही. १९९३ साली अमेरिकेत झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात, घरी बंदूक असलेल्या कुटुंबांत माणूस घरातच मारला जाण्याचा धोका सुमारे पावणेतीन पट दिसला. त्या आकड्यावर तिकडे खूप वाद झाला, होतोही. मला त्या वादात पडायचे नाही. मला आमचे अंगण पुरते.

आणि ज्यांना वाटते की मी भित्रेपणा शिकवतो आहे, त्यांना मी तुकाराम ओंबळ्यांची आठवण देईन. २००८च्या नोव्हेंबरातली ती रात्र, गिरगाव चौपाटी. समोर एके-४७ आणि यांच्या हाती लाठी. त्यांनी बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि त्यामुळेच तो मारेकरी जिवंत सापडला. त्यांना अशोकचक्र मिळाले. शौर्य हत्याराच्या मापावर ठरत नाही, हे त्यांनी दाखवले. पण त्याच वेळी हेही म्हणायला हवे की, त्या कामाला लाठी देऊन माणूस उभा करणे ही व्यवस्थेची चूक होती. रायफलधारी हल्लेखोरांपुढे त्या जोडीचे हत्यारच हवे. मी हत्याराच्या विरोधात नाही. कामाला न शोभणाऱ्या हत्याराच्या विरोधात आहे, मग ते कमी असो की जास्त.

पुतण्याशी त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत बोललो. त्याच्या पंपावर आता निम्म्याहून अधिक पैसा मोबाईलवरून येतो, हे त्यानेच सांगितले. उरलेली रोकड रोज एकाच वेळी, एकाच रस्त्याने, एकाच माणसाच्या हाती जात होती, हेही बोलता बोलता त्याच्याच तोंडून आले. जमिनीत पक्की बसवलेली, फटीतून पैसे टाकता येणारी तिजोरी. रोकड न्यायला बँकेची गाडी. रात्रपाळीला एकाऐवजी दोन माणसे. रस्त्याच्या बाजूने झगझगीत दिवे. असा खर्च आम्ही कागदावर मांडला. बेरीज रिव्हॉल्व्हराच्या किमतीच्या आसपास आली. अर्जाचा नमुना त्याने फाडला नाही. पुन्हा घडी घालून खिशात ठेवला. मीही फाड म्हणालो नाही. ही सगळी व्यवस्था करून सहा महिने पाहतो आणि मग विचार करतो, म्हणाला. विचार त्याचा, हक्कही त्याचा.

जाताना त्याने सहज विचारले, ‘‘नाना, तुम्ही घरी येताना फाटकापासूनच मोठ्यांदा ‘मी आलो रे’ असं ओरडता, याचं कारण हे का?’’

नातवंडे या सवयीला हसतात. आळीतली माणसेही हसतात. भर दुपारी, स्वतःच्याच घरी, दाराला कुलूप नसतानाही मी फाटकातून हाक देतो. सत्तेचाळीस वर्षे झाली. आप्पा गेले, आई गेली, ते हत्यार कुठे गेले कुणास ठाऊक. सवय गेली नाही.